पंधराव्या कपाटाची कार्डे

१

आमच्या वाचनालयात चौदा कपाटे होती. हे अगोदर सांगते, कारण पुढे फौजदारांपासून शेजारणींपर्यंत ज्यांनी ज्यांनी मला विचारले त्यांना मी पहिल्यांदा हेच सांगितले, आणि त्यांतल्या प्रत्येकाने स्वतः जाऊन मोजून पाहिले. सात कपाटे बाहेरच्या दालनात, मग खोली काटकोनात वळते, आणि सात आत. चौदाव्याच्या पुढे पांढरी भिंत. भिंतीपलीकडे बोळ, आणि बोळाच्या टोकाला नीरेवर उतरणाऱ्या पायऱ्या.

ही गोष्ट एकोणीसशे अडतीस सालची. भोरला तेव्हा संस्थान होते. मी बेचाळीस वर्षांची. लग्नाआधी पुण्याला मॅट्रिकपर्यंत शिकले होते आणि अक्षर बरे होते, एवढ्यावर वाचनालयाचे चिटणीस आनंदराव यांनी मला सूचीचे काम दिले. तोवर सगळी पुस्तके एका जाड नोंदवहीत, जशी आली तशी लिहिलेली होती. कुणाला एखाद्या विषयावर वाचायचे असले तर चारशे पाने चाळावी लागत. बडोद्याकडे पुस्तकांची कार्डे करतात असे आनंदराव ऐकून आले आणि त्यांनी लहान लहान खणांचे एक टेबल करून घेतले.

काम असे होते. एका पुस्तकाला एक कार्ड पुरत नाही. डोंगरातल्या औषधांवरचे पुस्तक असले, तर एक कार्ड वैद्यकाच्या खणात, एक वनस्पतींच्या, आणि आत जमिनीविषयी प्रकरण असले तर एक भूगर्भाच्या. प्रत्येक कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात वर कपाटाचा आकडा, खाली फळीचा. वाचणाऱ्याने आपल्या विषयाचा खण ओढायचा, आकडा बघायचा आणि नेमके तिथे जाऊन उभे राहायचे. दुपारी बारा ते चार वाचनालय बंद असे. ते माझे तास. झाडलोट करणाऱ्या सगुणाबाई तेवढ्या असत.

"बाई, येवढी कागदं लिवताय," त्या केरसुणीवर हात टेकून म्हणत, "पर म्या आजून येक मानूस बगितला न्हाई पुस्तक मागाया आल्याला. समदी पेपर वाचत्यात आन् जांभया देत्यात."

"एक आहे की," मी म्हणे.

तो एक म्हणजे आमचे हे. घरात मी यांना नाव घेऊन कधी बोलावले नाही. सारे गाव मास्तर म्हणे, म्हणून इथेही मास्तरच लिहिते.

मास्तर वेल्ह्याकडच्या शाळांतून वीस वर्षे शिकवत होते. त्या वर्षांत त्यांनी डोंगरातले झरे पाहिले. कुठल्या झऱ्याला चैत्रात पाणी असते, कुठल्याची चव कशी, त्याच्यावर कुणाचा हक्क, काठाला कुठले झाड, गुरे कुठले पाणी पीत नाहीत. अशा तेवीस वह्या भरल्या. त्यांचा एक ग्रंथ करायचा ही त्यांची एकच इच्छा होती. आणि ग्रंथाची पहिली ओळ लिहायच्या आत काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की दृष्टी परत यायची नाही.

तेव्हापासून मी वाचत असे आणि ते ऐकत असत, ते सांगत आणि मी लिहीत असे. आम्हांला मूलबाळ नव्हते. तो ग्रंथ पुरा होणे आणि मास्तरांनी तोवर खचून न जाणे, याशिवाय देवाजवळ मी काही मागितलेले नाही.

२

आता माझी चूक सांगते.

आंबवड्याजवळ राहणाऱ्या एका वृद्ध पंडितांनी आपला सगळा संग्रह वाचनालयाला द्यायचे कबूल केले. त्यांनी आधी यादी पाठवली. दोनशे बारा ग्रंथ. भूगर्भ, वैद्यक, धर्मशास्त्र, शेती, गणित, संगीत, पाण्याचे कायदे. इतक्या विषयांचा माणूस मी कागदावरसुद्धा पाहिला नव्हता. पेट्या मागून येणार होत्या.

चौदा कपाटे भरलेली होती, म्हणून आनंदराव म्हणाले, "पंधरावं करून घेऊ. तुम्ही कार्डं सुरू करा, वहिनी. पुस्तकं आली की थेट फळीवर."

यादीत प्रत्येक ग्रंथापुढे त्या पंडितांनी आतली प्रकरणे लिहिली होती, त्यामुळे पुस्तक न बघताही कार्डे करता येत होती. मी केली. आठशेच्या वर कार्डे, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात कपाट पंधरा. मला वाटले, पेट्या येतील त्या दिवशी एक तासही फुकट जायला नको.

रखमाजी सुतार माप घ्यायला आला. आतल्या दालनात जाऊन लगेच परत आला.

"चौदाव्याच्या म्होरं येक वीत जागा हाय," तो म्हणाला. "कपाट कुटं ठिऊ? भितीत?"

"मग दुसरीकडे बघू," आनंदराव म्हणाले.

ते बघणे राहून गेले. पुढच्याच महिन्यात पंडित वारले. पेट्या आल्या नाहीत, आणि कुणी मागायलाही गेले नाही. कार्डे मात्र खणांत जागच्या जागी बसली होती. आठशे कार्डे शोधून काढणे हे ती लिहिण्याइतकेच काम होते. आज काढू, उद्या काढू, असे मी करत राहिले. खरे सांगायचे तर ती काढवत नव्हती. इतकी चांगली पुस्तके होती ती.

३

मास्तर दुपारी माझ्याबरोबर येत. मी दोन पावले पुढे चालून "पायरी", "गटार", "म्हैस" असे सांगत जाई आणि ते काठीने येत. वाचनालयात त्यांना काठी लागत नसे. कपाटांवरून हात फिरवत ते आकडे मोजत आणि हवे तिथे थांबत. फळीही चाचपून ओळखत. माझ्यावर सगळेच ओझे पडू नये म्हणून त्यांनी ती सवय केली होती.

मार्गशीर्षातली गोष्ट. ग्रंथाचे दुसरे प्रकरण चालू होते, लोखंडाची चव असलेल्या पाण्याचे. मास्तर म्हणाले, "अगं, भूगर्भाच्या खणात बघ काही."

मी खण ओढला. कार्डे वाचून दाखवताना माझे लक्ष अर्धवट होते. उन्हाची तिरीप डोळ्यावर येत होती आणि सगुणाबाई घागर आपटत होत्या. मी एक कार्ड वाचले, "खनिज जलांचे गुणदोष. पंधरा, फळी तीन." वाचून झाल्यावर माझ्या ध्यानात आले, पण मास्तर उठून चालू लागले होते.

"अहो, थांबा, ते..."

"आलो की आत्ता."

वळणाआड गेले. त्यांचा आवाज येत होता, "नऊ. दहा. अकरा." मी मनात म्हटले, जाऊ दे, भिंत लागली की हसत परत येतील, मग खरे सांगू. "तेरा. चौदा. पंधरा."

मग फळीवरून पुस्तक ओढल्याचा आवाज आला.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात तपकिरी कापडी बांधणीचे पुस्तक होते. "तीन फळ्या चाचपल्या," ते म्हणाले. "नवं कपाट रंधा न मारताच बसवलंय वाटतं रखमाजीनं. बोटात कुसळ गेलं."

मी पुस्तक उघडले. 'खनिज जलांचे गुणदोष.' पाने कडेला अजून कापलेलीसुद्धा नव्हती.

४

मी आधी उठून आत गेले. चौदावे कपाट, वीतभर जागा, भिंत. भिंतीला हात लावला. गार चुना. कपाटामागे वाकून बघितले, तिथे कोळिष्टके होती.

मी स्वतःला समजावले. मास्तर बारावे-तेरावे मोजताना चुकले असतील. जुन्या पुस्तकांत हे एक कधीतरी मागे सरकून राहिले असेल, आणि पंडितांच्या यादीतही योगायोगाने तेच नाव असेल. एका नावाची दोन पुस्तके कुठेही असतात.

घरी येऊन चाकूने पाने कापली आणि वाचायला बसले. एकशे आठव्या पानावर वेल्ह्यापलीकडच्या एका वाडीचे नाव होते. तिच्या वरच्या अंगाला कातळाच्या फटीतून येणारे पाणी दसऱ्यानंतर तांबूस होते आणि दिवाळीला परत निवळते, असे लिहिले होते.

मास्तर ताठ बसले. "परत वाच."

मी परत वाचले.

"ते पाणी दाखवायला साळूबाई नावाची एक म्हातारी घेऊन गेली होती मला. तिच्या सासूनं तिला दाखवलं होतं. वाडीतल्या दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं." मग हसून म्हणाले, "पुस्तकवाला तिच्या सासूच्या माहेरचा असेल."

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक आनंदरावांपुढे ठेवले. त्यांनी उलटसुलट पाहिले. मी सारे सांगितले. यादी, पेट्या, भिंत. ते खणांपाशी गेले आणि कार्ड काढून आले.

"हे काय, कार्ड आहे की."

"कार्ड मीच केलंय. पण पुस्तक आलं नव्हतं."

"मग आता आलं. वहिनी, कार्ड नसतं आणि पुस्तक असतं तर मी समजू शकलो असतो. कार्ड आहे, पुस्तक आहे, तुमची तक्रार काय आहे?" त्यांनी पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का मारला. "हा तेवढा राहिला होता."

५

मी खोटे बोलणार नाही. त्यानंतर मी स्वतः होऊन पंधराव्या कपाटाची कार्डे वाचून दाखवू लागले. मास्तरांचा चेहरा पाहिला असता तर तुम्हीही तेच केले असते. दोन वर्षे हा माणूस भिंतीकडे तोंड करून निजत होता. आता सकाळी माझ्या आधी उठून म्हणे, "आवर गं लवकर. बारा वाजतील."

पुस्तके येत गेली. उंबराच्या मुळांवरचे एक. पाण्याच्या पाळ्यांच्या निवाड्यांचे एक. त्यात मास्तरांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिलेले भांडण होते, कुऱ्हाड कुणी उचलली इथपर्यंत. वाचून झाले की मास्तर ती स्वतः परत ठेवून येत. ग्रंथ पुढे सरकत होता. माघात मी पाचवे प्रकरण लिहून घेतले.

पण पुस्तके आणायला वेळ लागू लागला. पहिल्यांदा पाच मिनिटे, मग पंधरा, मग अर्धा तास. आणि मास्तर मोजायचे थांबत नसत. कार्डावर पंधरा असे, तरी मी टेबलापाशी बसून ऐके, "पंधरा. सोळा. सतरा."

"पुढं कशाला जाता?" मी विचारले.

"पंधरा नंबर एका कपाटाला नाही, ती ओळ आहे सगळी," ते म्हणाले. "दोनशे बारा पुस्तकं एका कपाटात कशी मावतील? तुझाच हिशेब चुकला होता."

त्यांचा आवाज लांब जाई, हे मला सहन होत नसे. आतले दालन दहा पावलांचे. पण आवाज बारीक होत होत जाई, एखादा माणूस बोळातून चालत गेल्यासारखा. आणि मधेच त्याला घुमारा येई, मोठ्या सभामंडपात गेल्यावर येतो तसा.

एकदा मी चपला काढून वळणापर्यंत गेले. आतून आवाज येत होता, "एकवीस. बावीस." मी डोकावले.

दालन रिकामे होते. सात कपाटे, जमिनीवर खिडकीचे ऊन, उन्हात तरंगणारी धूळ. आणि भिंतीच्या अंगाने, पण भिंतीच्या बऱ्याच मागून, आमच्या मास्तरांचा आवाज. "तेवीस."

मी टेबलापाशी येऊन बसले आणि दौतीत शाई भरली. दुसरे काय करायचे ते मला सुचले नाही. पाऊण तासाने ते पुस्तक घेऊन आले. हात इतके गार, की मी ते माझ्या पदरात धरून ठेवले.

६

"आत दुपारचं कोन बसतंय वो?" सगुणाबाईंनी एक दिवस विचारले.

"कुणी नाही. मास्तर जातात तेवढे."

"मास्तर हितं तुमच्यापाशी हुतं की. म्या भिती झटकाया गेले तर खोकल्याचा आवाज आला. म्या म्हनलं, कोन हाय? तर गप. पर गप म्हंजी कसं, दहा-वीस जनं येकदम गप बसल्यावानी." त्यांनी पदर खोचला. "म्या आता आत सकाळच्यालाच झाडनार. माज्यानं दुपारचं हुयाचं न्हाई. मास्तरांनाबी नगा धाडू. डोळ्यावाल्याला घावंना न् आंधळ्याला घावतंय, ही काय रीत झाली?"

त्या संध्याकाळी जेवताना मी मास्तरांना सहज विचारल्यासारखे विचारले, "तिकडं आणखी कुणी असतं का हो?"

"असतात की. पानं उलटल्याचा आवाज येतो. आधी एक-दोघं होते, आता बरेच वाटतात."

"तुम्ही बोलला नाहीत कुणाशी?"

"वाचणाऱ्याला कशाला त्रास द्यायचा?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "तुला एक सांगू? सांगणार नव्हतो."

मी वाढायची थांबले.

"आज मी वाचलं."

"काय वाचलं?"

"पुस्तक. तिथं उजेड आहे. तिसाव्याच्या पुढं गेलं की आधी पापण्यांना जाणवतो, मग हळूहळू दिसायला लागतं. पहिल्यांदा फळीची कड दिसली. आज अक्षरं दिसली. तीन पानं वाचली गं मी. माझी मी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते डोळे माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी रोखलेले होते. "इकडे परतलो की जातं. पण ते चालेल मला."

मी उठून ताटे उचलली. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात एवढेच आले की उद्या तीनची सहा पाने होतील, आणि परवा साठ, आणि मग हे परत कशासाठी येतील? अंधारात बसायला? माझ्या तोंडून ऐकायला?

७

फाल्गुनात चार दुपारी बसून मी सगळी कार्डे काढली. आठशे एकोणचाळीस. एकेका खणातून कपाट पंधरा वेचून काढले आणि घरी नेऊन चुलीत घातले. मग मास्तरांना समोर बसवून खरे सांगितले.

"त्या पेट्या आल्याच नाहीत. पुस्तकं नाहीत, कपाट नाही. मी नुसत्या यादीवरून कार्डं केली. तुम्ही जाता तिथं भिंत आहे. मी हात लावून पाहिलाय."

ते मग म्हणाले, "कार्ड तू लिहिलंस ना?"

"हो. तेच सांगते आहे, चूक माझी आहे."

"तुझ्या हातचं कार्ड चुकत नाही. सव्वीस वर्षं बघतोय मी." आणि मग हळू आवाजात, "जाळलीस ना? वास येतोय."

मी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते रागावले असते तर बरे झाले असते.

"मला आता कार्ड लागत नाही," ते म्हणाले. "पण एकच प्रकरण राहिलंय. आटलेले झरे. पाणी आटतं म्हणजे जातं कुठं, हे कुणी लिहिलेलं नाही. तिथं ते पुस्तक आहे. पाठीवरचं नाव वाचलंय मी, पण तेव्हा चार वाजत आले होते, तू वाट बघत असशील म्हणून फिरलो. एकदा जाऊ दे. त्यानंतर तू सांगशील तसं."

"आणि परत आला नाहीत तर?"

"तर ग्रंथ तुझ्याजवळ आहेच की."

"मला ग्रंथ नको," मी म्हटले. आयुष्यात पहिल्यांदा म्हटले. "मला तुम्ही हवे आहात."

त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि मला वाटले, जिंकले. मग म्हणाले, "मग तू चल बरोबर. डोळे मिटून चल. तू बघतेस, म्हणून तुला भिंत लागते."

८

मास्तर सापडले नाहीत. नीरेत गळ टाकले, खालच्या गावांना निरोप धाडले. आंधळा माणूस, पायऱ्या जवळ, उन्हाची वेळ. लोकांनी मनाशी ठरवले ते मी समजू शकते. फौजदारांना मी सांगितले की ते आतल्या दालनात गेले आणि परत आले नाहीत. सगुणाबाईंनी शपथेवर सांगितले की दरवाजातून कुणी बाहेर पडले नाही, त्या उंबऱ्यातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. फौजदारांनी कपाटे मोजली. चौदा.

मी त्यांच्याबरोबर गेले होते हे मी कुणाला सांगितले नाही. दहा वर्षे झाली. संस्थानही गेले. आता लिहून ठेवते.

त्या दुपारी सातव्या कपाटापाशी मी त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. दुसरा हात कपाटांवरून फिरवत होते. ते मोजत होते आणि मी मनात मोजत होते. तेराव्याची कडी सैल होती, ती हलली. चौदाव्याच्या काचेला तडा होता, तो बोटाला लागला. त्यानंतर लाकूड आले. खरखरीत, रंधा न मारलेले, कोऱ्या सागवानाच्या वासाचे.

मी थांबले नाही. माझे पाऊल भिंतीला अडायला हवे होते, ते अडले नाही. वीस. पंचवीस. पायाखालची फरशी गार झाली. तिसाव्यानंतर माझ्या मिटलेल्या पापण्या लाल दिसू लागल्या, अंगणात उन्हाकडे तोंड करून बसल्यावर दिसतात तशा. पानांचे आवाज येत होते. एक पान, मग दुसरे, मग पुष्कळ, सगळीकडून. कुणी बोलत नव्हते.

"अठ्ठेचाळीस," मास्तर म्हणाले, आणि थांबले. "हं. हे बघ."

पुस्तक ओढल्याचा आवाज झाला.

"मिळालं ना?" मी कुजबुजले. "चला आता. अहो, चला परत."

उत्तर आले नाही. खांदा माझ्या हाताखाली होता, म्हणून मी धीर धरला. त्यांच्या जुन्या कोटाचे जाड कापड मला नीट कळत होते. मी उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही.

मग घसा साफ केल्याचा आवाज आला. वाचायला सुरुवात करण्याआधी मास्तर तसा घसा साफ करत, दोनदा, मधे थोडे थांबून. डोळे होते तेव्हा रोज रात्री करत. तो आवाज समोरून आला. समोरून आणि लांबून, वीस-पंचवीस पावलांवरून.

पाठोपाठ त्यांचे वाचणे ऐकू आले. हळू, स्वतःशीच, एकदाही न अडखळता.

मी डोळे उघडले.

उंच खिडक्या होत्या. लांब बाके, आणि बाकांवर माना खाली घालून बसलेली माणसे, पार दिसेनासे होईपर्यंत. कुणी वर पाहिले नाही. तिसऱ्या-चौथ्या बाकावर मास्तर बसले होते. बोट ओळीवरून सरकत होते. बोटाच्या मागोमाग डोळे सरकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होते, ते मी लग्नापासून पाहिले नव्हते.

मी हाक मारणार होते. मी ओठ उघडलेही होते.

पण माझा हात अजून खांद्यावर होता. जे कोणी माझ्यापुढे पाठमोरे उभे होते, ज्याच्यामागून मी तिथवर चालत आले होते, ते हळूहळू माझ्याकडे वळू लागले.

मी हात काढून घेतला.

समोर चुन्याची भिंत होती, वीतभर अंतरावर. खिडकीचे ऊन जमिनीवर होते. बाहेर सगुणाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या.